परसातल्या पेरूवर चिकटा पडलाय? झाड तोडू नका, आधी मुंग्यांची वाट बंद करा

पाऊस उघडला की गावात एक तक्रार हमखास कानावर येते. दारातल्या पेरूखाली उभं राहिलं की अंगावर चिकट काहीतरी पडतं. खाली लावलेली मोटरसायकल चिकट होते, ओट्यावरची फरशी पायाला चिकटते, दोरीवरच्या कपड्यांवर डाग पडतात. थोड्याच दिवसांत पानं चुलीवरच्या तव्यासारखी काळी होतात. मग कुणी म्हणतं रोग आला, कुणी म्हणतं नजर लागली, अन् शेवटी विषय कुऱ्हाडीवर येतो. नाहीतर फवारणीच्या पंपावर.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हे लिहितोय. माझ्या दारात सरदार पेरूचं झाड आहे. मागच्या वर्षी त्याच्यावर असाच चिकटा पडला. सोयाबीनवर मारून उरलेलं औषध गोठ्याच्या माळ्यावर होतं, ते पंपात घेतलं अन् मारलं. झाड साफ दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी बघतो तर धाकटी पुतणी त्याच झाडाचा पेरू खात बसलेली. हातातून हिसकावला, चूळ भरायला लावली, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पोरीला काही झालं नाही, नशीब. अन् महिनाभरात कीड पहिल्यापेक्षा जास्त झाली. म्हणजे जीव टांगणीला लावून मिळालं काय, तर काहीच नाही.

काळं पडतं ते नेमकं काय?

काळ्या पानावर ओलं बोट घासून बघा. काळं बोटाला लागलं अन् खाली पान हिरवंच निघालं, तर ती वरवरची काजळी आहे. ही एक बुरशी असते. ती पानात शिरत नाही, पानावर सांडलेल्या गोड चिकट्यावर वाढते. पानावर ऊन पोहोचू देत नाही, म्हणून झाड मरगळतं अन् फळही काळं, घाणेरडं दिसतं.

मग चिकटा कुठून येतो? पान उलटं करा. देठाच्या बेचक्यात, कोवळ्या शेंड्यावर, फळाच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके दिसतील. तोच पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. तो झाडाचा रस पितो. रसात साखर भरपूर अन् बाकी पोषण कमी, त्यामुळं त्याला पोट भरायला खूप रस प्यावा लागतो. जास्तीची साखर तो मागच्या बाजूनं थेंबाथेंबानं टाकतो. ज्वारीवर मावा आला की पानं चिकट होतात, तसाच हा प्रकार. म्हणून काळ्या पानावर बुरशीनाशक मारून उपयोग नाही. चिकटा थांबला की काजळी आपोआप थांबते.

मुंग्या अन् मुंगळे कशाला चढतात?

खोडावर मुंग्यांची रांग लागलेली असेल तर ती त्या गोड चिकट्यासाठी. आपण दुधासाठी म्हैस सांभाळतो, तशा मुंग्या ही कीड सांभाळतात. तिला खायला आलेल्या मित्रकिडींना हुसकावून लावतात. मुंग्या तोडल्या की अर्धं काम झालं.

मित्रकीड म्हणजे ढालकिडा अन् क्रायसोपा. मिलीबग खाणारा एक खास ढालकिडा आहे, क्रिप्टोलिमस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली आणलेला. द्राक्षबागायतदार त्याला चांगले ओळखतात. काळसर पाठ अन् तांबूस डोकं. पण त्याची अळी पांढरी, झिपरी असते, हुबेहूब मिलीबगसारखी. खूण एवढीच की ती मिलीबगपेक्षा मोठी असते अन् काडीनं डिवचली की भराभर चालते. तिला मारू नका. मी मारलेल्या औषधानं हीच सगळी मेली असणार, कारण नंतर झाडावर एकही ढालकिडा दिसेना.

काय करायचं, क्रमानं

१. छाटणी. जास्त पुंजके असलेले शेंडे कापून थेट पिशवीत भरा आणि जाळा किंवा खोल पुरा. उकिरड्यावर टाकलं तर कीड चालत परत येते. भिंतीला, पत्र्याला, तारेला टेकलेल्या फांद्याही काढा, तो मुंग्यांचा पूल असतो.

२. मुंग्यांची वाट. जमिनीपासून दोन फुटांवर खोडाला वीतभर रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा. वरून-खालून सुतळीनं बांधा. सालीच्या खाचेत फट राहिली तर ओल्या मातीनं बुजवा. मग पट्टीवर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका. धूळ बसली की पंधरा दिवसांनी नवं लावा.

३. पाण्याचा मारा. मोटारीचा पाइप लावून सकाळी पानांच्या खालून जोरात पाणी मारा. आठवड्यातून दोनदा. चिकटा धुतला जातो, पुष्कळ कीडही गळून पडते. पाणी आळ्यातच जातं, वाया जात नाही.

४. निंबोळी अर्क. मिलीबगच्या अंगावर मेण असतं, नुसतं पाणी त्यावरून घरंगळतं. म्हणून साबण लागतो. ५०० ग्रॅम निंबोळीची भरड फडक्यात बांधून रात्रभर दोन लिटर पाण्यात भिजवा. सकाळी पिळून गाळून घ्या, त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि एकूण १० लिटर करा. हा झाला ५ टक्के अर्क. त्याच दिवशी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा करा, कारण अंड्यातून नवी पिल्लं निघत राहतात. पिल्लांच्या अंगावर मेण कमी असतं, तेव्हाच ती सहज मरतात.

५. काजळी काढायची असेल तर १०० ग्रॅम मैदा अर्धा लिटर पाण्यात शिजवून खळ करा, गार झाल्यावर दोन लिटर करून गाळून फवारा. उन्हात खळ वाळून पापुद्रे निघतात अन् काजळी सोबत पडते. ढगाळ दिवशी मात्र करू नका.

युरियाचा हात आखडता घ्या. युरियानं लुसलुशीत फूट येते अन् रस पिणाऱ्या किडीला तेच पाहिजे असतं.

औषध मारायचंच असेल तर?

शेतातलं उरलेलं औषध दारातल्या झाडावर नकोच. कोणतं औषध कोणत्या पिकावर अन् मारल्यावर किती दिवसांनी काढणी करायची, हे डब्यावरच्या माहितीत असतं. सोयाबीन-कापसाचं औषध पेरूवर मारलं तर फळ कधी खायचं याचा हिशोबच राहत नाही. दारात लेकरं असतात, पाण्याची टाकी असते, तुळस असते, जनावरं असतात. डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण म्हणजे जास्त विषारी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी अन् मजुरांचे जीव गेले, ते विसरून चालणार नाही.

वरचे उपाय करूनही कीड हटली नाही, तर फांदी पिशवीत घालून कृषी सहाय्यकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. क्रिप्टोलिमस मिळतो का, तेही विचारा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे.

पेरू नसेल तर?

चिकटा अन् काजळी इतर झाडांवरही येते, फक्त चोर वेगळा असतो. सीताफळावर बहुतेक मिलीबगच. आंब्यावर मोहोराच्या वेळी तुडतुडे, झाडाखाली गेलं की टणाटणा उडतात. मोहोर फुललेला असताना फवारणी टाळा, मधमाश्या मरतात. लिंबू-संत्र्यावर काळी माशी, तिच्यामुळं येते ती कोळशी. म्हणून आधी पान उलटून चोर ओळखा, मग उपाय करा.

माझ्या झाडाला यंदा ग्रीसची पट्टी बांधली, तीन वेळा निंबोळी मारली. कीड पूर्ण गेली असं म्हणणार नाही, शेंड्याला चार-दोन पुंजके आहेत. पण ढालकिडेही परत आलेत. अन् पुतणी पेरू तोडते तेव्हा एवढंच सांगतो, धुऊन खा गं. हिसकावून घ्यायची वेळ येत नाही.