यंत्रमानव, स्पर्धेतील : चालनव्यवस्था व सांगाडा

विद्यार्थ्यांच्या अभियांत्रिकी स्पर्धांसाठी बनविण्यात येणाऱ्या यंत्रमानवास मैदानावर हलविणारी विद्युत् चलित्रे म्हणजे मोटरी, दंतचक्रे, साखळ्या वा पट्टे आणि चाके यांच्या समूहास चालनव्यवस्था म्हणतात. या भागांना, तसेच वर बसविलेले यांत्रिक हात, विद्युत् घटमाला व नियंत्रक यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या चौकटीस सांगाडा किंवा चॅसी म्हणतात. चाकांची जागा सांगाडा ठरवितो आणि सांगाड्यावर येणारा भार चाकांच्या मांडणीवर अवलंबून असतो. म्हणून दोहोंचा अभिकल्प एकत्रितपणेच करावा लागतो. चाकांची जमिनीवरील पकड, गुरुत्वमध्याची उंची आणि सांगाड्याचा ताठपणा या तीन मर्यादा ओळखल्याशिवाय केवळ चलित्राची शक्ती वाढविल्याने फारसा लाभ होत नाही.

स्पर्धांची पार्श्वभूमी : जपानमधील एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९८८ मध्ये विद्यार्थ्यांची यंत्रमानव स्पर्धा सुरू केली. आशिया व पॅसिफिक विभागातील प्रसारण संस्थांच्या संघाने २००२ मध्ये टोकिओ येथे ‘रोबोकॉन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रथम भरविली. तीत भाग घेणारा भारतीय संघ दूरदर्शनच्या राष्ट्रीय स्पर्धेतून निवडला जाऊ लागला. ही राष्ट्रीय स्पर्धा अनेक वर्षे पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात होत असे. पुण्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद दोनदा लाभले. २००८ मधील विषय दहीहंडीवर आधारलेला होता, तर २०१४ मध्ये एका यंत्रमानवाने पालकाची व दुसऱ्याने बालकाची भूमिका घेऊन झोका, सीसॉ यांसारखे खेळ पार पाडावयाचे होते. २०२२ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या स्पर्धेचा विषय लगोरी हा होता. विषय बदलला की चालनव्यवस्थेकडून असणारी अपेक्षाही बदलते. हंडीसाठी उंची गाठूनही तोल टिकवावा लागतो. बालकास वाहून नेताना हिसका न बसता थांबावे लागते. लगोरीत झटपट दिशा बदलून पुन्हा स्थिर व्हावे लागते. म्हणून अभिकल्पाचा प्रारंभ चलित्राच्या निवडीपासून न करता कामाच्या यादीपासून करतात.

पकड व परिबल : चाक जमिनीला मागे रेटते व जमिनीच्या घर्षणामुळे यंत्रमानव पुढे जातो. हे घर्षण चाकावरील भार व घर्षणांक यांच्या गुणाकाराहून अधिक असू शकत नाही. उदाहरणार्थ, २५ किग्रॅ. वस्तुमानाचा व चारही चाके चालित असलेला यंत्रमानव घेतल्यास त्याचे वजन सु. २४५ न्यूटन होते. रबरी चाक व रंगविलेली लाकडी जमीन यांमधील घर्षणांक ०·६ मानल्यास एकूण रेटा जास्तीत जास्त १४७ न्यूटन, म्हणजे प्रत्येक चाकामागे सु. ३७ न्यूटन मिळेल. चाकाची त्रिज्या ५ सेंमी. असल्यास त्यासाठी चाकावर सु. १·८४ न्यूटन-मीटर परिबल पुरते. याहून अधिक परिबल दिल्यास चाक जागच्या जागी घसरते. अधिक शक्तिमान चलित्राचे जादा वजन व विद्युत् प्रवाह मात्र सोसावा लागतो. केवळ दोन चाके चालित असल्यास त्यांच्यावर पडणारा भारच पकडीस उपयोगी पडतो. यासाठी घटमालेसारख्या जड वस्तू चालित चाकांजवळ ठेवतात.

वेग व दंतचक्र गुणोत्तर : वरील यंत्रमानवाचा महत्तम वेग सेकंदाला २ मी. हवा असल्यास १० सेंमी. व्यासाच्या चाकाने मिनिटाला सु. ३८२ फेरे घेतले पाहिजेत. भाराखाली मिनिटाला ५,७०० फेरे घेणाऱ्या चलित्रास त्यासाठी सु. १५ : १ असे गुणोत्तर लागते. दंतचक्रांची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास चाक घसरण्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचण्यासाठी चलित्राच्या दंडावर सु. ०·१५ न्यूटन-मीटर परिबल पुरेसे होते. कायम चुंबकाच्या एकदिश चलित्राचे परिबल वेग वाढेल तसे कमी होत जाते व त्याची शक्ती निर्भार वेगाच्या सुमारे निम्म्या वेगास महत्तम असते. त्यामुळे सुटताना व महत्तम वेगाजवळ अशी दोन्ही ठिकाणी गणिते तपासावी लागतात. चलित्र अडून थांबल्यास विद्युत् प्रवाह सर्वाधिक होतो. तारा, वितळतार व नियंत्रक यांची निवड करताना ही स्थिती विचारात घेतात.

अधिक वेगाचा मोह मैदानाच्या लांबीशी ताडून पाहावा लागतो. ६ मी. अंतर जाऊन थांबावयाचे आहे व प्रवेग सेकंदवर्गाला ३ मी. आहे असे समजल्यास, महत्तम वेग सेकंदाला २ मी. असताना सु. ३·७ सेकंद लागतात. तो ३ मी. केल्यास ३ सेकंद लागतात. म्हणजे वेग दीडपट करूनही वेळेची बचत पाचव्या हिश्श्याहून कमी होते. त्याच वेळी दंतचक्र गुणोत्तर घटल्याने उपलब्ध परिबल कमी होते व चालकास अचूक थांबणे कठीण जाते.

चाकांची मांडणी : दोन बाजूंना स्वतंत्र चलित्रे देऊन त्यांच्या वेगांतील फरकाने वळणारी मांडणी सर्वांत सोपी असते. चार चाकी मांडणीत वळताना चाके आडवी घासतात. पुढील व मागील चाकांमधील अंतर डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराहून कमी ठेवल्यास हा विरोध कमी होतो. सहा चाकी मांडणीत मधली चाके सु. ३ मिमी. खाली बसविल्याने यंत्रमानव एका वेळी चारच चाकांवर टेकतो व सहज वळतो. कडेवर मुक्त लाटणी असलेली सर्वदिश चाके ४५° कोनात बसविल्यास यंत्रमानव तोंड न वळविता बाजूसही सरकतो. परंतु लाटण्यांच्या दिशेने रेटा मिळत नसल्याने सरळ दिशेतील पकड सु. ३० टक्क्यांनी घटते. लाटणी तिरपी बसविलेले मेकॅनम चाक स्वीडनमधील बेंग्ट इलॉन यांनी १९७० नंतरच्या दशकात शोधून काढले. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळविण्याच्या मांडणीत पकड व सर्वदिश गती दोन्ही साधतात. मात्र चलित्रांची संख्या, वजन व नियंत्रणाची गुंतागुंत वाढते. प्रतिस्पर्ध्याला ढकलावयाचे नसून नेमक्या जागी पोहोचावयाचे असेल, तर सर्वदिश चाकांतील पकडीची हानी परवडते.

सांगाडा : सांगाड्याला वाकणे व पिळवटणे असे दोन्ही प्रकारचे भार सहन करावे लागतात. तो पिळवटल्यास एखादे चाक उचलले जाते, त्यावरील पकड जाते व यंत्रमानव सरळ न जाता एका बाजूस ओढला जातो. ॲल्युमिनियमची घनता व त्याचा ताठपणा हे दोन्ही पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असतात; त्यामुळे केवळ धातू बदलून वजनाच्या मानाने ताठपणा वाढत नाही. तो छेदाच्या आकाराने वाढतो. २५ मिमी. बाजूची व २ मिमी. जाडीची चौकोनी नळी तेवढ्याच वजनाच्या भरीव चौरस कांबीपेक्षा सु. पावणेसहा पट ताठ असते. चौकटीच्या कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या जोडल्यास किंवा तळाला सलग पत्रा बसविल्यास पिळवटण्यास मोठा विरोध होतो. चाकाचा भार चलित्राच्या दंडावर येऊ न देता आसाला दोन्ही बाजूंनी बेअरिंगचा आधार देतात. साखळीचा ताण समायोजित करण्यासाठी चलित्राच्या बैठकीतील छिद्रे लांबट ठेवतात.

तोल : ५० सेंमी. चाकांतर असलेल्या यंत्रमानवाचा गुरुत्वमध्य या अंतराच्या मध्यावर व जमिनीपासून ३० सेंमी. उंचीवर असल्यास जोराने थांबताना चाके आधी घसरतात व यंत्रमानव उलटत नाही. हात उंचावल्यावर गुरुत्वमध्य ५० सेंमी. उंचीवर गेला, तर सेकंदवर्गाला सु. ४·९ मी. मंदनासच मागील चाके उचलली जातात. घर्षणांक ०·६ असताना पकड ५·९ मी. पर्यंतचे मंदन देऊ शकते. म्हणजे चांगली पकडच येथे अपघातास कारण होते. दहीहंडीच्या थरांत तळाचे गोविंदा पाय रोवून रुंद कडे का करतात, याचे उत्तर याच गणितात आहे. जड घटक तळाशी ठेवणे, चाके शक्य तितकी दूर बसविणे व हात उंच असताना नियंत्रकाने प्रवेग आपोआप मर्यादित करणे, हे यावरील उपाय होत.

चाचणी : घर्षणांक, भाराखालील वेग व गुरुत्वमध्य यांची गृहीत मूल्ये प्रत्यक्ष मोजून सुधारावी लागतात. जमिनीसारख्याच फळीवर यंत्रमानव चाके अडवून ठेवावा व फळी हळूहळू तिरपी करावी; तो घसरू लागतो त्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे घर्षणांक होय. ही चाचणी साध्या साधनांनी होते. चालनव्यवस्था लवकर पूर्ण झाल्यास चालकाला सरावासाठी वेळ मिळतो व सैल होणारे स्क्रू, ताणल्या जाणाऱ्या साखळ्या, तापणारी चलित्रे हे दोष स्पर्धेपूर्वी उघड होतात. महानगरांपासून दूर असलेल्या महाविद्यालयांना महागडे सुटे भाग सहज मिळत नाहीत. तथापि मोटारगाडीची काच पुसणारे चलित्र, बाजारातील चौकोनी नळी व गावातील लेथ यांच्या साहाय्यानेही वरील नियम पाळणारी बैठक तयार करता येते. स्पर्धा काही मिनिटांत संपते; आधी गणित, मग जोडणी व नंतर मापन ही शिस्त मात्र विद्यार्थ्याला पुढील प्रत्येक यंत्राच्या अभिकल्पात उपयोगी पडते.