सन्दिक : पशुपालकांची खूण आणि उपग्रहाचा इशारा

केनिया देशाच्या ईशान्येस गॅरिसाच्या आसपास सोमाली पशुपालकांची वस्ती आहे. उंट, गाई, शेळ्यामेंढ्या हेंच त्यांचें धन. त्यांच्या भाषेंत एका पशुरोगाला ‘सन्दिक’ म्हणतात. म्हणजे नाकांतून रक्त येणें. शास्त्रज्ञ ज्याला रिफ्ट व्हॅली ज्वर म्हणतात, तोच हा.

याचा विषाणु डासांच्या अंड्यांतून कोरड्या मातींत वर्षानुवर्षें दडून राहतो. अतिवृष्टीनें सखल जागीं पाणी तुंबलें, कीं अंडीं फुटतात आणि डासांचे थवे उठतात. मग मेंढ्या गाभ टाकूं लागतात, कोंवळीं कोंकरें पटापट मरतात, आणि आजारी जनावर कापणाऱ्या माणसालाहि हा रोग गांठतो.

२००६ सालच्या उत्तरार्धांत अमेरिकन शास्त्रज्ञांनीं समुद्राचें तपमान आणि उपग्रहांनीं टिपलेली रानांतील हिरवळ यांवरून या सांथीचा इशारा आगाऊ दिला होता. तिकडे पशुपालकांनींहि पाऊस, डास आणि जनावरांचीं नाकें पाहून ‘सन्दिक’ ओळखला होता. पण या दोन ज्ञानांची गांठ पडली नाहीं! मनुष्यांतील रोगाची खात्री डिसेंबरांत झाली, लस जानेवारींत टोंचूं लागले. केनियांत दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. पुढें पशुपालकांनाच विचारून जी चौकशी झाली, तींत पहिलें जनावर आजारी पडल्यापासून पहिला माणूस आजारी पडेपर्यंत सरासरी सतरा-अठरा दिवस गेल्याचें आढळलें. हे दिवस हातचे गेले.

आतां केनियांत पशुरोगाची वर्दी मोबाइलवरून देतां येते. परंतु त्या यंत्रांत इंग्रजी रोगनामांचीच यादी भरली, तर पशुपालकाचें निदान आंत शिरावें कोठून? त्यांत ‘सन्दिक’ हा शब्द हवा, नाकांतील रक्त व गाभ टाकणें यांविषयींचे प्रश्न हवेत. अर्थात् गाभ इतर रोगांनींहि टाकला जातो. म्हणून रक्ताचा नमुना प्रयोगशाळेंत तपासल्यावांचून गत्यंतर नाहीं. पशुपालकाचा शब्द हा निकाल नव्हे, पण तपासणीला कोठें धांवावें हें त्याच्याइतकें लवकर दुसरें कोण सांगणार?

एक अडचण मात्र यंत्रानें सुटत नाहीं. सांथ भडकल्यावर एकाच सुईनें अनेक जनावरांना लस टोंचली, तर सुईच रोग पसरवूं शकते. शिवाय २००६ च्या पुरांत त्या भागांतील रस्तेच तुटले होते. तेव्हां उपग्रहाचा इशारा येतांच, पहिला पाऊस पडण्यापूर्वीं, लस तेथें पोंचवून टोंचावी लागते.