‘नॅनो’ टॉवेल विकायचाय? आधी धुऊन बघा

सोलापुरी टॉवेलवर ‘नॅनो सिल्व्हर, अँटीबॅक्टेरियल’ असं लेबल लावून चार पैसे जास्त घ्यायचे, ही आयडिया वाईट नाही. चांदी जंतू मारते, त्यामुळे घामाचा वासही कमी होतो. कण १ ते १०० नॅनोमीटरचे असले की थोडी चांदीसुद्धा पुष्कळ काम करते. कापड द्रावणात बुडवून, रोलरमधून पिळून, वाळवून, मग तापवून पक्कं करतात.

पण खरी गोम धुण्यात आहे. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००८ मध्ये बाजारातले चांदीवाले मोजे धुऊन पाहिले. काहींतली जवळपास सगळी चांदी ४ धुण्यांतच निघून गेली, काहींतली टिकली. टॉवेल तर सारखाच धुतला जातो! म्हणून सप्लायरला विचारा, किती धुण्यांनंतरचा रिपोर्ट आहे? आयएसओ २०७४३ चाचणी धुतलेल्या नमुन्यावर करून मागा. कोऱ्या कापडाचा रिपोर्ट दाखवून माल गळ्यात मारू देऊ नका.

आणि निघालेली चांदी जाते कुठे? सांडपाण्यात. पाणी शुद्ध करणाऱ्या उपयोगी जंतूंनाही ती मारक ठरू शकते. फिनिशिंग स्वतःच्या शेडमध्ये करणार असाल तर कोरडी पावडर नको, तयार द्रावण घ्या. पावडर उडते आणि कामगाराच्या फुफ्फुसात जाते. स्प्रे मारणंही टाळा.

एक्स्पोर्टचं डोक्यात आहे? युरोपात जंतुनाशक म्हणून माल विकायचा, तर लेबलवर त्या पदार्थाचं नाव आणि त्यापुढे ‘नॅनो’ हा शब्द छापावा लागतो. लेबलची ऑर्डर देण्याआधी बायरकडून मजकूर लेखी घ्या.