गळतीचा पंचनामा

मोटारीखाली सकाळी हिरवट वा गुलाबी ओल दिसली म्हणजे बहुतेक गृहस्थ प्रथम पाना शोधतात आणि हाताला लागेल ती क्लिप आवळून मोकळे होतात. वस्तुतः या कामातला दुरुस्तीचा भाग अल्प असून खरे कसब गळतीचे मूळ हुडकण्यात आहे, कारण पंख्याच्या झोताने मागे रेटला गेलेला द्रव कुठल्याशा पट्टीच्या कडेने ओघळत भलत्याच जागी टपकतो आणि निरपराध सांध्यावर आळ येतो. ओल बोटाने चाचपावी: एसीचे पाणी स्वच्छ व निर्गंध असते, कूलंट बुळबुळीत आणि गोडसर वासाचे. जिभेवर मात्र ते कदापि ठेवू नये; त्यातील एथिलीन ग्लायकॉल हे जहर असून, ते चाटून कुत्री-मांजरे प्राणास मुकतात.

रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नव्हे, तर सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब राखणारा पहारेकरी आहे. त्याच्याच अंमलामुळे निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण, जे एरवी १०७ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळले असते, ते १२५ अंशांपर्यंतही द्रवरूप राहते. इंजीन तापलेले असताना झाकण फिरवणाऱ्याच्या तोंडावर उकळते फवारे येतात ते यामुळेच. बोरघाटात बॉनेट उघडून वाफ निवण्याची वाट पाहणाऱ्या मोटारी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही ताकीद नवी नाही.

इंजीन पूर्ण निवल्यावर, ओलीचा माग खालून वर काढीत जावे. जेथे वाळलेल्या कूलंटची पांढुरकी पुटे आढळतील आणि ज्याच्या वर सर्व कोरडे असेल, तो सांधा गुन्हेगार. होज पाइपची कैफियत बाहेरून वाचता येत नाही, हे येथे ध्यानी धरावे, कारण धातू व कूलंट यांच्यातील विद्युत्-रासायनिक क्रियेने रबर आतून, विशेषतः टोकांपाशी, चिरत जाते आणि वरची काळी तकाकी शेवटपर्यंत टिकून राहते. क्लिपेलगतचा भाग चिमटीत दाबावा, मग मधला दाबावा. टोक पोकळ, लिबलिबीत लागले तर कितीही आवळून उपयोग नाही.

जुना पाइप काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटण्याचा मोह आवरावा. हल्लीच्या पुष्कळ रेडिएटरांचे तोंड प्लॅस्टिकचे असते, आणि ते तडकले की अल्प किमतीच्या नळीपायी अख्खा रेडिएटर बदलण्याची पाळी येते. त्यापेक्षा, कूलंट परातीत उतरवून घेतल्यावर, पाइपाला सुरीने हलक्या हाताने लांबट चीर द्यावी, म्हणजे तो सालीसारखा सुटतो. तोंडावरचा क्षार पुसून नवा पाइप त्यावरील उंचवट्याच्या पुढे पुरता सरकवावा आणि क्लिप उंचवट्यामागे बसवावी. क्लिप उंचवट्यावरच चढली तर गळती कायम. स्क्रूची क्लिप पहिल्या तापण्यानंतर, इंजीन थंड झाल्यावर, पुन्हा तपासावी. स्प्रिंगची क्लिप रबराच्या आकुंचन-प्रसरणाबरोबर स्वतःच ताण राखते. पाइप टोकालाच चिरला असेल आणि लांबी पुरत असेल, तर इंचभर कापून तोच पुन्हा बसवण्याची जुन्या मिस्त्रींची रीत अडचणीत उपयोगी पडते, पण ती मुक्कामी पोहोचण्यापुरती.

भरताना बोअरिंगचे पाणी नको, त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरचे मिश्रण घ्यावे. आत अडकलेली हवा काढण्यासाठी हीटर पुरता उष्णतेवर ठेवून इंजीन सावकाश चालू द्यावे, थर्मोस्टॅट उघडून वरचा पाइप तापेपर्यंत. मग बंद करून निवू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी टाकीतील पातळी पाहावी. सांधे कोरडे असूनही पातळी घटत राहिली, तर पुढच्या आसनापाशी पायाखालची चटई चाचपावी. ती ओली असेल तर दोष बहुधा हीटरचा, आणि ती कोरडी असून सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी. तेव्हा मात्र पाना खाली ठेवून गाडी गराजमध्ये न्यावी, तीही टो करून.