‘फ्यू’ की ‘अ फ्यू’? बायरला मेल टाकण्याआधी हे बघा



कोटेशनचा व्हिडिओ पाहून बरेच जण विचारतात, ‘सर, इंग्रजीत ‘अ’ नक्की कुठे लावायचा?’ गोंधळ होणारच, कारण मराठीत आर्टिकल नसतंच. ‘सॅम्पल पाठवतो’ म्हटलं की आपलं काम झालं.

इंग्रजीत आधी बघायचं, वस्तू मोजता येते का? ऑर्डर, मशीन, इन्व्हॉइस मोजता येतात. असं नाम एकवचनात सहसा एकटं येत नाही, म्हणून ‘आय हॅव मशीन’ चूक, ‘आय हॅव अ मशीन’ बरोबर. ‘वी विल सेंड अ सॅम्पल’ म्हणजे कुठलंही एक. ‘द सॅम्पल’ म्हणजे ज्याचं बोलणं झालंय तेच. बायर मग त्याचीच वाट बघतो!

हळद, तेल, पीठ आपण वजनावर देतो, तिथे ‘अ’ नाही हे पटकन कळतं. गोची होते ती इक्विपमेंट, मशिनरी, फर्निचर, इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, फीडबॅक या शब्दांत. ‘ॲन इक्विपमेंट’ नाही आणि ‘इक्विपमेंट्स’ही नाही. एकच सांगायचं तर ‘अ पीस ऑफ इक्विपमेंट’. (आपणही ‘दोन माहित्या’ कुठे म्हणतो?) ‘द’ मात्र चालतो: ‘द इन्फॉर्मेशन यू सेंट’.

आता खरा धोका. सुरुवातीला मी एका बायरला लिहिलं होतं, ‘वी हॅव फ्यू रेग्युलर कस्टमर्स.’ मला म्हणायचं होतं, आमची काही कायमची गिऱ्हाइकं आहेत. त्याने वाचलं, जवळपास नाहीतच! फोनवर विचारतो, ‘मग तुमचा धंदा चालतो कसा?’ फक्त एक ‘अ’ राहिला होता. ‘अ फ्यू’ म्हणजे काही आहेत. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे नावालाच. न मोजता येणाऱ्या नामाला हेच ‘लिटल’ने होतं. ‘वी हॅव अ लिटल स्टॉक’ म्हणजे थोडा माल आहे, मिळेल. ‘वी हॅव लिटल स्टॉक’ लिहिलंत तर तो दुसरीकडे चौकशी करेल. तक्रारींचं मात्र उलट: तिथे ‘फ्यू कम्प्लेंट्स’च लिहा, ‘अ’ लावू नका!

जाता जाता: ‘अ’ की ‘ॲन’ हे उच्चारावर ठरतं. म्हणून ‘ॲन एमएसएमई लोन’, पण ‘अ यूपीआय पेमेंट’.

आता तुमचं शेवटचं कोटेशन उघडा आणि त्यातले ‘फ्यू’, ‘लिटल’ आणि ‘इक्विपमेंट्स’ शोधा. पुढच्या व्हिडिओत पेमेंट रिमाइंडरचा मेल घेऊ.