चिलखतातला जादूगार

अंगात तळपतं पोलादी चिलखत आणि ओठांवर मंत्र. असा जादूगार समोर आला, तर त्याला कोण हरवणार? मग टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या कल्पनाखेळांत जादूगार बहुतेकदा साध्या झग्यातच का असतो?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा जादूगाराला चिलखत घालायला सरळ बंदीच होती. दोन्ही मिळालं असतं, तर बिचाऱ्या योद्ध्याला कोणी विचारलं असतं! २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने बंदी उठवली, पण किंमत लावली. चामड्याचं चिलखत घातलं की मंत्र फसण्याची शक्यता १० टक्के, साखळ्यांचं घातलं की ३० आणि नखशिखांत पोलाद चढवलं की ३५.

पण लोखंड मंत्राला अडवतं तरी कसं? मंत्राला नव्हे, हाताला! या जादूत शब्दांइतकेच हातांचे नेमके हावभाव लागतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या जाळं विणणाऱ्याला जाडजूड हातमोजे घालून गाठी मारायला सांगा, म्हणजे जादूगाराची अडचण कळेल. म्हणूनच त्या आवृत्तीत जो मंत्र नुसत्या शब्दांवर चालायचा, तो कितीही जड चिलखतात फसत नसे.

आता गंमत पाहा. आपल्याकडे हे कोडं पार उलटं सुटलंय. इथे मंत्र हेच चिलखत!

रत्नागिरीत तिन्हीसांजेला घरोघरी म्हटली जाणारी रामरक्षा नीट ऐका. डोक्यापासून पावलांपर्यंत एकेका अवयवावर रामाचं एकेक नाव चढत जातं. कपाळाला दशरथाचा मुलगा, डोळ्यांना कौसल्येचा, कानांना विश्वामित्रांचा लाडका. धनुष्य मोडणारा कुठे? अर्थात दंडांवर! छातीवर परशुरामाला जिंकणारा. ज्याचं देऊळ चिपळूणजवळच्या डोंगरावर आहे, तोच हा परशुराम. पुढे कमरेला सुग्रीवाचा स्वामी, गुडघ्यांना सेतू बांधणारा, पोटऱ्यांना रावणाचा काळ आणि पावलांना बिभीषणाला राज्य देणारा. लक्षात आलं? चिलखत चढता चढता अख्खं रामायण अंगावरून खाली उतरलं! जन्म डोक्याशी, लंकाविजय पायाशी.

महाभारतात तर खरं चिलखत आणि मंत्राचं चिलखत या दोन्ही कल्पना एकत्र येतात. जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्य दुर्योधनाच्या अंगावर मंत्रांनी भारलेलं कवच बांधतात. अर्जुनाचे बाण त्यावर फुकट जातात. मग अर्जुन नेम धरतो कुठे? उघड्या तळहातांवर! खेळातल्या जादूगाराला जे हात मोकळे ठेवावे लागतात, तिथेच दुर्योधनाचं कवच संपतं.

आणि तो खेळही शेवटी मंत्राचंच चिलखत करण्याच्या वाटेवर येतो. झग्यातल्या जादूगाराला त्यात एक मंत्र मिळतो, ज्याने अंगाभोवती अदृश्य चिलखत उभं राहतं. वजन शून्य, हात मोकळे, मंत्र फसण्याची शक्यताही शून्य.

कुणी कोकणातला खेळगडी नवा खेळ रचणार असेल, तर रामरक्षेत त्याच्यासाठी एक भन्नाट नियम तयार आहे: चिलखत एकदम मिळणार नाही, एकेका नावागणिक चढेल. शत्रू येईपर्यंत कमरेशी पोचलात, तर पाय उघडे. मग फासे टाकण्याआधी प्रत्येक खेळाडूला ठरवावं लागेल, पळायचं की पाठ पुरा करायचा!