संगणक आला, नोंदवही राहिली

विद्यापीठात नवी संगणकप्रणाली बसविली की कर्मचाऱ्यांनी ती स्वीकारली असे प्रशासन सहसा धरून चालते. प्रत्यक्षात खरेदी आणि स्वीकार यांत बरेच अंतर असते. हे अंतर समजून घेण्यासाठी अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘तंत्रज्ञान स्वीकार प्रतिमान’, म्हणजे वर्तनाची कारणे उलगडणारी वैचारिक चौकट, आजही वापरले जाते. नवे साधन हाती आले की माणूस मनाशी दोन अंदाज बांधतो: त्याने आपले काम सुधारेल काय, ही ‘जाणवलेली उपयुक्तता’, आणि ते वापरताना किती श्रम पडतील, ही ‘जाणवलेली सुलभता’. यांपैकी उपयुक्ततेचे पारडे जड असल्याचे डेव्हिस यांना आढळले.

पण उपयुक्तता कोणाची? आवक विभागातील लिपिक आलेल्या पत्राचा क्रमांक, दिनांक आणि विषय संगणकात भरतो, आणि मग तेच सारे नोंदवहीत पुन्हा लिहितो, कारण पत्र पुढच्या टेबलावर पोहोचल्याची सही तेथेच घ्यावयाची असते. वरिष्ठांना तक्ता बसल्या जागी दिसतो. लिपिकाचे काम मात्र दुप्पट होते. त्याच्या नाखुशीला ‘बदलाची भीती’ म्हणणे सोयीचे असले, तरी तो बहुधा साधा आणि अचूक हिशेब असतो.

२००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश, डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी या विवेचनात सहकारी व वरिष्ठ यांचा प्रभाव आणि ‘पूरक परिस्थिती’, म्हणजे प्रशिक्षण, यंत्रसामग्री व अडचणीच्या वेळी मिळणारी मदत, यांची भर घातली. पूरक परिस्थितीचे मोल मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये अनुभवले. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच हंगामात सर्वत्र लागू झाली. निकालांसाठी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पडद्यावरील तपासणीची कल्पना मुळात वाईट नव्हती. घाई वाईट होती.

परिपत्रकाने वापर सक्तीचा करता येतो, म्हणून लॉगिनची संख्या हा स्वीकाराचा पुरावा ठरत नाही. खरी खूण टेबलावर दिसते: जुनी नोंदवही बंद झाली काय? तिला बंद करण्याचा आदेश वरूनच निघावा लागतो; लिपिकाला तो अधिकार नाही.